गाणं घरात असलं पाहिजे

२०२४च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी डबे भरताना मी तोडी राग लावते, लहानपणापासूनची सवय, मिरजेला माझे वडील, अण्णा, लावायचे तीच. त्या दिवशी फोनवर प्लेलिस्ट उघडली तर बावीसातली सहा नावं राखाडी झालेली. दाबलं तरी काही होईना. हे गाणं सध्या उपलब्ध नाही, एवढंच. रोज ऐकत होते ती तोडी त्या सहात होती, आणि पोळ्या लाटता लाटता मी तिथंच थांबले, कारण ती प्लेलिस्ट करायला मला चार वर्षं लागली होती आणि ते प्रत्येक रेकॉर्डिंग मी शोधून, तीन तीन वेगळ्या ध्वनिमुद्रणांतून निवडून ठेवलेलं होतं.

मी म्हटलं जाऊ दे, डाउनलोड करून ठेवलंय ना. तर तेही नाही. डाउनलोड म्हणजे फाइल आपल्याकडे आली असं मी इतकी वर्षं समजत होते, पण ती कुलूपबंद फाइल असते, फक्त त्याच ॲपमधे उघडते, महिन्यातून एकदा तरी नेटला जोडून हजेरी द्यावी लागते आणि त्यांच्याकडचं गाणं गेलं की आपल्या फोनमधलंही जातं. मदत केंद्राला लिहिलं. उत्तर सभ्य आलं, की हक्कधारकांशी असलेल्या करारानुसार यादी बदलत असते. ॲपचं नाव घेत नाही कारण मुद्दा त्या एका ॲपचा नाहीच. २०२३च्या मार्चमधे झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली होती, करार जमला नाही म्हणून, मग काही दिवसांनी परत आली. रेसो ३१ जानेवारी २०२४ला भारतात बंदच झालं, आणि त्याच वर्षी विंक पण. तिथं ज्यांनी वर्षानुवर्षं याद्या केल्या होत्या त्यांचं काय झालं असेल. मी महिन्याचे शंभर-सव्वाशे रुपये भरत होते ते त्या महिन्याच्या ऐकण्याचे होते, गाण्याचे नव्हते, हे मला त्या सकाळी नीट कळलं.

मग मी ठरवलं की मला जे गाणं खरंच लागतं ते माझ्या घरात, माझ्या फाइलमधे पाहिजे. सगळं जग नको. दोन-अडीचशे तास पुरेत, पण ते कोणी काढून घेऊ शकणार नाही असे.

घरात काय काय आहे ते बघायला घेतलं तर कोथरूडच्या कपाटात दोनशे दहा सीड्या निघाल्या, ९६पासून २०१०पर्यंत घेतलेल्या. काही मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून, ते दुकान २०१६ला बंद झालं, बऱ्याचशा पुण्यातल्या. आणि मिरजेच्या घराच्या माळ्यावर अण्णांच्या कॅसेटी, दोन पत्र्याच्या ट्रंका भरून. अण्णा रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. पगार बेताचा, पण पुण्याला काही कामानं आले की अलूरकरांच्या कॅसेटींच्या दुकानात चक्कर मारल्याशिवाय परतीची गाडी पकडायचे नाहीत. विकतच्या कॅसेटी साधारण निम्म्या, आणि निम्म्या त्यांनी स्वतः घरच्या टू-इन-वनवर रेडिओवरून भरलेल्या.

सीड्यांचं काम सोपं, ते लवकर सांगते. आताच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर पंधराशेच्या आसपास मिळाला. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं, ते सीडी नुसती कॉपी करत नाही, शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं, आणि ॲक्युरेटरिप नावाच्या यादीशी ताडून सांगतं की जगात इतर लोकांनी काढलेल्या कॉपीशी तुमची बिट न् बिट जुळते का. हिंदी सिनेमाच्या सीड्या पटापट जुळायच्या. मराठी आणि शास्त्रीयच्या निम्म्याहून जास्त सीड्यांना ही डिस्क यादीत नाही असं यायचं, म्हणजे जगात आधी कोणी ती काढून कळवलेलीच नाही. अशा सीड्या मी दोनदा काढल्या आणि दोन्ही कॉप्या एकमेकींशी ताडल्या. फाइल फ्लॅकमधे ठेवली. फ्लॅक म्हणजे सीडीवर जे आहे ते सगळंच्या सगळं, काही न गाळता, फक्त घडी घालून, जवळपास निम्म्या जागेत. तासाभराची सीडी तीनशे एमबीच्या आसपास बसते. रोज चार-पाच करत दीड महिन्यात संपल्या. अकरा सीड्या गेल्या, त्यातल्या नऊ घरी राइट केलेल्या होत्या, वरून चकाचक दिसत होत्या पण आतला रंग उडालेला. सीडी पुसताना गोल गोल पुसायची नाही, मधून बाहेर सरळ पुसायची, हे कृपा करून लक्षात ठेवा.

कॅसेटींनी मात्र वर्ष घेतलं.

दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा ट्रंका खाली काढल्या. दादा म्हणाला, "टाकून दे ग, वाजवणार कशावर?" आई काही बोलली नाही, फक्त फडकं घेऊन एकेक डबी पुसायला बसली. एकूण सदुसष्ट निघाल्या. चार कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी, दोनांचा आतला स्पंजचा तुकडा गळून पडलेला, जो फीत हेडला दाबून धरतो. बाकी बऱ्या दिसत होत्या. अण्णांचं अक्षर प्रत्येक कार्डावर, बारीक, निळ्या शाईत, राग, ताल, तारीख.

कॅसेट वाजवायचा डेक मिळवायला तीन रविवार गेले. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं पस्तीसशेला एक डेक मिळाला, चालू म्हणून दिला पण घरी येऊन उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बेल्ट मिळाला आणि बेल्ट देणाऱ्यांनीच एका जुन्या मेकॅनिकचा पत्ता दिला. त्या गृहस्थांनी मला समोर बसवून सगळं दाखवलं. हेड आणि तो छोटा रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कसा पुसायचा, दर पाच-सहा कॅसेटींनंतर पुसायचाच, कापूस सुटतो म्हणून काडी घट्ट गुंडाळलेली पाहिजे. आणि हेडच्या बाजूचा एक बारीक स्क्रू. तो फिरवला की हेडचा कोन बदलतो, आणि जी कॅसेट ज्या मशीनवर भरली त्या मशीनच्या हेडचा कोन जुळला तरच वरचे सूर मोकळे होतात. कॅसेट लावायची, इअरफोन घालायचा, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका क्षणी अचानक समोरचा पडदा बाजूला केल्यासारखा आवाज उघडतो. पहिल्यांदा ते झालं तेव्हा तबल्याची चाट एकदम टक्क करून आली आणि मी मोठ्यानं हाक मारून नवऱ्याला बोलावलं.

कॅसेट लॅपटॉपवर भरायला तिचा जेवढा वेळ तेवढाच लागतो, ९० मिनिटांची असेल तर ९० मिनिटं, त्यात घाई नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले पदर सुटतात. मग लाइन आउटमधून एका साध्या यूएसबी साउंड कार्डात, तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमधे, २४ बिटमधे. आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या तानेलासुद्धा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण एकदा फाटला की फाटला. बाजू अ संपायच्या वेळी तिथं हजर राहायचं. मी रोज रात्री जेवणानंतर एक लावायची आणि समोर बसून ऐकायची, भांडी, इस्त्री, जे काय असेल ते करत. ॲपवर मी कधी सलग ४५ मिनिटं एक राग ऐकला असेल असं मला आठवत नाही, आठव्या मिनिटाला काहीतरी दुसरं लावायचा हात व्हायचाच. इथं लावता येत नाही, भरणं चालू असतं.

एक वाईट गोष्ट झाली ती पण सांगते. जानेवारीत नऊ कॅसेटी भरून झाल्या होत्या, सगळं एकाच पोर्टेबल हार्डडिस्कवर, आणि ती टेबलावरून पडली, चालू असताना. टकटक असा आवाज, मग काही नाही. नऊ कॅसेटी, म्हणजे साधारण तेरा तासांचं गाणं आणि त्याच्या तिप्पट माझं काम. सात पुन्हा भरल्या. दोन बुरशीवाल्या होत्या, त्या पहिल्यांदा कशाबशा एकदा वाजल्या होत्या, दुसऱ्यांदा फीत तुटली आणि पापडासारखे तुकडे झाले. त्यातल्या एकीवर अण्णांनी आकाशवाणी सांगलीवरून भरलेली नाट्यपदं होती. ती गेली. दुसरी प्रत लगेच त्याच रात्री करायला हवी होती, आणि हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. तेव्हापासून तीन प्रती असतात, एक लॅपटॉपवर, एक डिस्कवर कपाटात, आणि एक मिरजेला आईच्या लोखंडी कपाटात, जी मी दर दोन-तीन महिन्यांनी जाताना बदलते. पुण्यात काही झालं, पूर आला, चोरी झाली तरी मिरजेची राहील.

आता दोन गोष्टी नीट सांगायच्या आहेत, कारण त्या मला कुठेच लिहिलेल्या सापडल्या नाहीत.

पहिली खरखरीची. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे. गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसत्या खरखरीचा तुकडा त्याला दाखवायचा आणि मग ते तसली खरखर सगळीकडून उपटून काढतं. मी खूश. सुरुवातीच्या वीसेक कॅसेटी अशा धुऊन स्वच्छ केल्या आणि मार्चमधे मिरजेला जाताना फोनमधे घेऊन गेले. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली जवळच. तिथं एक चाचा आहेत, अण्णांचे मित्र, पंचाहत्तरी गाठलेले, अजून तंबोऱ्याची जवारी काढून देतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याची तार ज्या सपाट हस्तिदंती किंवा शिंगाच्या घोडीवरून जाते तिचा पृष्ठभाग कानसीनं इतका नेमका घासायचा, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून असा बसवायचा, की एक तार छेडली तरी तिच्यातून सुरांची अख्खी झालर उठते. तेवढं एक काम हे आयुष्यभर करत आलेत. मी हौसेनं माझी स्वच्छ केलेली मारवा रागाची फाइल त्यांना इअरफोनवर ऐकवली. मिनिटभर ऐकलं, इअरफोन काढला, म्हणाले, "बेटा, जवारी कुठं गेली? तंबोरा लाकडाचा वाजतोय की हा."

मग मी फोनमधे तीच मूळची, न धुतलेली फाइल लावली. चाचांनी डोळे मिटले. "हां. हाय की. खरखरीच्या मागं हाय."

झालं असं होतं की जवारीची ती वरची झालर आणि फितीची सळसळ दोन्ही जवळपास त्याच उंचीला असतात, दोन्ही सतत चालू असतात, त्यामुळे मशीनला त्यातलं काय गाणं आणि काय कचरा कळत नाही आणि ते दोन्ही काढून टाकतं. माणसाचा कान बरोबर वेगळं करतो. पुण्याला आल्यावर मी हेडफोन लावून दोन्ही फाइली शेजारी शेजारी ऐकल्या आणि खरंच, धुतलेल्या फाइलीत गायक एका रिकाम्या खोलीत एकटाच गात होता. वीसच्या वीस धुतलेल्या फाइली मी काढून टाकल्या. मूळच्या होत्या म्हणून वाचले. आता मी फक्त खालची घरघर थोडी कमी करते आणि खटकन आलेले आवाज हातानं काढते, बाकी हात लावत नाही. तुम्ही जुन्या कॅसेटी भरत असाल तर मूळ भरलेली फाइल कधीही, कधीही पुसू नका.

दुसरी गोष्ट वेगाची. अण्णांचा टू-इन-वन ८४-८५चा, त्याची मोटर जरा हळू फिरायची असणार. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली कॅसेट नीट फिरणाऱ्या मशीनवर लावली की जलद वाजते आणि सूर चढतो. विकतच्या कॅसेटी बरोबर वाजायच्या, घरी भरलेल्या सगळ्या थोड्या चढ्या, थोड्या बारीक. किती चढ्या ते कसं ठरवायचं? नेटवर सगळे सांगतात की रेकॉर्डिंगमधे विजेची घरघर असते, ती ५० हर्ट्झची असते, ती मोजा, ५१ आली म्हणजे दोन टक्के जलद. मी मोजली, ५१च्या किंचित वर आली. पण माझा मावसभाऊ वीज खात्यातून रिटायर झालाय, त्याला सांगितलं तर तो म्हणाला, अग त्या काळात आपल्याकडे ५० कधी स्थिर होती का, मागणी वाढली की ४९च्या खाली उतरायची, लोड कमी झाला की वर चढायची, त्याच्यावर कसला हिशोब करतेस. म्हणजे परदेशातली युक्ती इथं चालत नाही.

मग एक कॅसेट लागली. कार्डावर एवढंच, मालकंस, शनिवार, २१/११/८७. शनिवारी रात्री आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा असायची, अण्णा जेवणं लवकर उरकायला लावायचे ते मला आठवतंय. गायकाचं नाव लिहिलेलं नाही. बाजू अ संपताना ताना चालू आहेत आणि फीत संपते, खट, मग बाजू ब, मधलं काहीतरी आठ-दहा सेकंदांचं गेलेलं, कॅसेट उलटायला लागला असेल तेवढा वेळ. शेवटाकडे रेडिओचा आवाज लांब जातो, स्टेशन सरकल्यासारखा, निवेदक गायकाचं नाव सांगतो तेच नेमकं खरखरीत बुडतं. आणि मग अण्णा बंद करायला विसरले असावेत, कारण पुढं बातम्यांच्या आधीचे पिप, पिप, पिप येतात.

मी रात्री साडेअकराला हे ऐकत होते आणि एकदम उठून बसले. ते पिप सेकंदा-सेकंदाला असतात! वेळ सांगायलाच असतात ते. त्यांच्यात विजेचा, मोटरचा, कशाचाच संबंध नाही, एका पिपपासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक सेकंद. कॅसेटवर पाच पिप स्पष्ट होते, म्हणजे मधली अंतरं चार, म्हणजे पहिल्या पिपच्या सुरुवातीपासून पाचव्याच्या सुरुवातीपर्यंत बरोबर चार सेकंद भरायला पाहिजेत. ऑडॅसिटीत मोठं करून मोजलं. ३.८८. तीन टक्के जलद. वेग उणे तीन टक्के केला, परत मोजलं, चार.

तीन टक्के म्हणजे किती ते गाणाऱ्यांना कळेल, हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मं. म्हणून हार्मोनियमवर कुठेच लागत नव्हतं, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठंतरी षड्ज, म्हणजे गायकाचा सा, येत होता. वेग उतरवल्यावर षड्ज काळी एकवर जाऊन बसला, आणि आवाज बदलला. तोवर तो एक तरुण, जरा टोकदार आवाज वाटत होता. आता भरदार झाला, छातीतून येणारा, पन्नाशीच्या माणसाचा. पुढच्या वेळी मिरजेला चाचांना ऐकवला. त्यांनी आधी जलद वाजणारी कॅसेट ऐकलेली होती, तेव्हा माहीत नाही म्हणाले होते. यावेळी पहिला मध्यम लागला आणि त्यांनी नाव घेतलं. आपल्याच भागातले, रेडिओवर गाणारे एक गायक, त्यांच्याकडे तंबोरा लावून घ्यायला यायचे. नाव मी इथं लिहीत नाही, का ते पुढे सांगते.

त्याच मशीनवर त्या दोन-तीन वर्षांत भरलेल्या बाकीच्या कॅसेटींना मी तोच तीन टक्क्यांचा हिशोब लावून बघितला. बहुतेक बसल्या. जिथं बसला नाही तिथं गायक कुठल्या पट्टीत गातात ते माहीत असेल तर हार्मोनियमवर जुळवलं, नाहीतर तशीच ठेवली आणि माहितीत लिहून ठेवलं की वेग तपासलेला नाही.

माहितीवरून आठवलं. आपल्या संगीताला गाणं-गायक-अल्बम हे तीन कप्पे पुरत नाहीत. ॲपवर तबल्याची साथ कोणाची, हार्मोनियम कोण, कुठला ताल, हे जवळपास कुठेच नसतं, आणि एकच ख्याल विलंबित म्हणजे संथ आणि द्रुत म्हणजे जलद असे दोन तुकडे करून, शफल लावलं तर मधे सिनेमाचं गाणं घालून वाजवतात. ते मला फार लागतं. विलंबितानंतर द्रुत हा एकाच वाक्याचा दुसरा भाग आहे. फ्लॅकमधे आपण हवे ते कप्पे आपल्या नावानं करू शकतो, एमपीथ्रीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरमधून मी राग, ताल, साथ, प्रहर, कुठं भरलं, कशावरून घेतलं असे कप्पे केले, सगळे मराठीत. कार्डाचे फोटो काढून तेच चित्र म्हणून लावले, त्यामुळे फोनवर गाणं वाजताना अण्णांचं अक्षर दिसतं. हे काम सगळ्यात वेळखाऊ आणि मला सगळ्यात आवडलेलं. सगळं एका जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम नावाचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलंय, घरातल्या वायफायवर कुठल्याही फोनवर वाजतं, बाहेर जाताना हवं ते फोनमधे कॉपी करून घ्यायचं.

आईला हे काही नको होतं. तिला पेनड्राइव्हवाला छोटा स्पीकर पाहिजे, बटण दाबलं की गाणं. तिच्या स्पीकरला फ्लॅक कळत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या एमपीथ्री केल्या, आणि मराठी नावं त्याच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात म्हणून फाइलींना आकडे दिले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार पेनड्राइव्ह, चार रंगांचे. तिला कळलं. सकाळचा पिवळा.

नवीन गाणं? घेते की, विकत घेते. आयट्यून्सवर अजून गाणं सुटं विकत मिळतं आणि ती फाइल कुलूपाशिवायची असते, तुमचीच. बँडकॅम्पवर फ्लॅक मिळतं, तिथं डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते ठेवतात आणि पैसे भरण्याचं शुल्क वजा होऊन बाकी कलाकाराकडे जातं, हे मला पटतं. तरुण गायक कार्यक्रमात स्वतःची सीडी किंवा पेनड्राइव्ह विकायला ठेवतात ते मी न चुकता घेते. ॲपला वर्षाला जे जायचं तेवढेच साधारण जातात, पण वर्षाच्या शेवटी पाच-सहा अल्बम घरात असतात. यूट्यूबवर ऐकते, नाही असं नाही, नवीन कोण गातंय ते तिथंच कळतं. आवडलं की मग शोधायचं, कुठं विकत मिळेल.

ओळखीचे बरेच जण म्हणाले, एवढं केलंयस तर चढव ना यूट्यूबवर, लोकांना ऐकू दे. मी नाही चढवलं. घरी स्वतःसाठी प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्यात ५२व्या कलमात जागा आहे, जगाला वाटायला नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते गाणं गाणाऱ्याचं आहे, अण्णांनी फक्त भरलं. आधी त्यांच्या घरच्यांना विचारायला पाहिजे. म्हणून त्या मालकंसवाल्या गायकांचं नाव पण लिहिलं नाही.

चाचांनी पत्ता काढून दिला. सांगलीला त्या गायकांचा मुलगा असतो, साठीचे आहेत, स्वतः गात नाहीत, औषधांचं दुकान आहे. गेल्या महिन्यात मी आणि आई गेलो. पेनड्राइव्ह दिला, म्हटलं आधी ऐकून तर बघा. त्यांनी तिथंच दुकानाच्या मागच्या खोलीत लॅपटॉपवर लावलं. बराच वेळ ऐकलं. बाजू अ संपते तिथं फीत तुटल्यासारखी थांबते आणि एकदम पुढं जाते, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं मधलं नाहीये, कॅसेट उलटताना गेलं. ते म्हणाले, "असू दे. वडलांचं रेडिओवरचं गाणं आमच्याकडं एकही नाही." मग आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. आत सात स्पूल. मोठ्या चकत्यांच्या, कॅसेटीच्या आधीच्या टेप. घरच्या मैफिलींच्या, ७०-७२ सालच्या असतील म्हणाले, मशीन कधीच मोडीत गेलं, कोणी वाजवून देईना म्हणून तशाच पडून आहेत.

ती पिशवी आता माझ्याकडे आहे, कपाटात, कोरड्या जागी, उभी ठेवलेली. दोन स्पूल मी हलक्या हातानं उलगडून बघितले, बुरशी नाही, फीत लवचिक आहे, कडा सुरकुतलेल्या नाहीत. पाच इंची चकत्या आहेत, बॉक्सवर वेग पावणेचार, म्हणजे सेकंदाला पावणेचार इंच, असं लिहिलंय. पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागात कोणाकडे चालू स्थितीतलं स्पूलचं मशीन असेल, विकायचं नसेल तरी चालेल, मी तुमच्या घरी येऊन तुमच्यासमोर बसून भरून घेईन, हेड पुसायचं सामान आणि साउंड कार्ड माझं मी आणीन, तर कृपया कळवा. तीन-चार रविवार लागतील.